‘ट्रिप’ झालेली मोटर आणि आमची इंग्रजी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांत आणि पेपराच्या घडीत घातलेल्या रंगीत पत्रकांत ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ची हमी देणारे वर्ग दिसू लागतात, आणि आमच्या चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावातही पालक ती पत्रके जपून ठेवतात. मी स्वतः याच व्यवसायात आहे. गेली चौदा वर्षे आठवी ते दहावीच्या मुलामुलींच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेऊन माझा संसार चालतो, त्यामुळे हे पत्र म्हणजे शेजारच्या दुकानावर दगड मारण्याचा प्रकार आहे असे कृपया समजू नये. माझ्याच दुकानात काय खोट होती हे मला फार उशिरा, आणि तेही नववीतल्या एका मुलाच्या प्रश्नामुळे कळले. ते सांगावे आणि शेवटी आपल्याकडे एक मागणे मागावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

धड्यात शाळेच्या सहलीचे वर्णन होते. ‘ट्रिप’ म्हणजे सहल, असा अर्थ मी फळ्यावर लिहिला आणि मुलांनी तो वहीत उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी, वर्षभरात क्वचितच तोंड उघडणाऱ्या आणि सतरंजीच्या अगदी कडेला बसणाऱ्या एका मुलाने हात वर केला. त्यांच्या विहिरीवरच्या स्टार्टरच्या डब्यावर हाच शब्द लिहिलेला आहे आणि मोटर मध्येच बंद पडली की वडील ‘ट्रिप झाली’ असेच म्हणतात, मग वहीतला अर्थ तेथे लावायचा कसा, असे त्याने विचारले आणि वर अहिराणीत हळूच म्हणाला, “सर, मोटर ते कथीच गई नही” (मोटर तर कुठेच गेली नाही). सगळी मुले खो खो हसली, मीही हसलो, आणि ‘तो तांत्रिक शब्द आहे, परीक्षेला येत नाही’ असे सांगून पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. आम्हा शिकवणाऱ्यांची ही पळवाट जुनी आहे. आपल्याला न येणारा प्रत्येक शब्द तांत्रिक असतो.

रात्री मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून जाड शब्दकोश काढला. तेव्हा समजले की सहल हा त्या शब्दाचा नंतरचा अर्थ असून पाय अडखळणे, ठेच लागणे हा त्याहून जुना आहे. तरीही ठेच आणि मोटर यांचा सांधा जुळत नव्हता. शेवटी दुसऱ्या दिवशी बसस्थानकामागच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. तेथील मिस्त्रींनी हातातले काम बाजूला ठेवून स्टार्टरमधला एक जुना रिले माझ्यासमोर उघडला आणि त्यातली बोटभर लांबीची पट्टी दाखवली. ती दोन वेगवेगळ्या धातूंची असते. मोटरीने जास्त करंट ओढला की ती तापते, एक धातू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो, त्यामुळे पट्टी वाकते आणि अडकवून ठेवलेल्या छोट्या खिट्टीला धक्का देते. खिट्टी निसटली की वीज तुटते आणि मोटर जळण्यापासून वाचते. म्हणजे यंत्राला खरोखर ठेच लागते! मिस्त्रींनी ‘ठेच’ हा शब्द वापरला नाही, मी ‘प्रसरण’ हा शब्द वापरला नाही, पण दोघांनाही एकच गोष्ट दिसत होती. निघताना त्यांनीच मला विचारले, “सर, या बटणावर ‘रिसेट’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ काय हो?” पट्टी थंड झाल्याशिवाय ते बटण दाबून उपयोग नसतो, म्हणून थोडा वेळ थांबावे लागते, हे त्यांना वीस वर्षांपासून ठाऊक होते, ‘पुन्हा बसवणे’ हा साधा अर्थ मात्र त्यांना कोणी सांगितला नव्हता. त्या दिवशी मी जेवढे दिले, त्याच्या दसपट घेऊन आलो.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी एक तास पाठ्यपुस्तक बंद ठेवण्याचा परिपाठ सुरू केला. घरातली, शेतातली किंवा दुकानातली अशी एक वस्तू अथवा रिकामे वेष्टन प्रत्येकाने आणायचे, की ज्यावर इंग्रजी मजकूर आहे आणि तो घरात आजवर कोणी वाचलेला नाही. पहिली वीस मिनिटे मोबाइलला हात लावायचा नाही. वहीत तीन रकाने आखायचे: वस्तूवर काय छापले आहे, कारागीर त्याला काय म्हणतात आणि आपल्या भाषेत त्याचा अर्थ काय. यातला मधला रकाना भरणे मला सर्वांत जड गेले, कारण त्यासाठी माझा शब्दकोश कामाचा नव्हता. नळाच्या सामानाच्या दुकानात, वेल्डिंगवाल्याकडे आणि ठिबकच्या नळ्या जोडणाऱ्या गड्याकडे जाऊन उभे राहावे लागले. मुलांना ‘एल्बो’ म्हणजे कोपर हे पाठ होते, पण पाइपाला काटकोनात वळवणाऱ्या ज्या तुकड्याला नळवाला ‘एल्बो’ म्हणतो तो हातात घेऊन स्वतःच्या कोपराशेजारी धरल्यावर जो प्रकाश त्यांच्या डोळ्यांत पडला, तो मी चौदा वर्षांत शब्दार्थ लिहून देऊन पाडू शकलो नव्हतो. सक्शन पाइपाच्या तळाशी पायासारखा बसतो तो फूटव्हॉल्व्ह, पंपातून पाणी बाहेर सोडते ती डिलिव्हरी. ‘प्लंबर’ या शब्दात न उच्चारला जाणारा ‘ब’ कशासाठी, तर शिशाला लॅटिन भाषेत ‘प्लुंबम’ म्हणत आणि पूर्वी नळ शिशाचे असत, यासाठी. स्पेलिंगमधल्या मुक्या अक्षरांवर मुलांचा इतका राग असतो, की त्यातल्या एकाचे तरी कूळ सापडले याचाच त्यांना आनंद झाला.

फ्यूजची गोष्टही अशीच. या शब्दाच्या मुळाशी वितळणे हा अर्थ आहे, आणि वितळणे हेच त्या तारेचे काम आहे. आमच्याकडे घराघरांत फ्यूज वारंवार उडतो म्हणून किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या डबीत, तांब्याची जाड तार गुंडाळून ठेवण्याची रीत आहे. मग तार वितळत नाही, भिंतीतली वायर तापते. हे मुलांना भौतिकशास्त्राच्या तासाला शिकवलेले असते, गुणही मिळालेले असतात, परंतु आपल्या घरातल्या पांढऱ्या चिनी मातीच्या डबीशी त्या धड्याचा संबंध त्यांनी जोडलेला नसतो. (मेन स्विच बंद केल्याशिवाय आणि मोठे माणूस जवळ असल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हा आमच्या शनिवारचा पहिला नियम आहे, हे पालकांच्या समाधानासाठी येथे नमूद करतो.) तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का, तर आत जाताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटावे, हे एका आठवीतल्या मुलीने घरी जाऊन आजोबांना समजावले, तेव्हा आजोबांनी विचारले म्हणे, की हे इंग्रजीच्या क्लासला शिकवतात का? प्रश्न रास्त आहे आणि त्याकडे मी पुढे येतो.

आता ज्या वेष्टनाने मला खरोखर अस्वस्थ केले, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आमचा भाग कापसाचा आणि केळीचा. पावसाळ्यात कपाशीवर फवारणी सुरू झाली की शनिवारी हमखास कीटकनाशकांची खोकी येतात. बाटल्या आणायला मी सक्त मनाई केली आहे; केवळ वरचे कागदी खोके किंवा माहितीपत्रक. अशा प्रत्येक वेष्टनावर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालचा त्रिकोण रंगीत असतो, वरच्यात इशारा असतो. तांबडा रंग म्हणजे अत्यंत विषारी, आणि त्यावर कवटी व हाडांच्या चित्रासह ‘पॉयझन’ हा शब्द. पिवळा म्हणजे अतिविषारी, तेथेही ‘पॉयझन’. निळा म्हणजे मध्यम विषारी, तेथे ‘डेंजर’. आणि हिरव्यावर ‘कॉशन’, म्हणजे जपून. हिरव्या त्रिकोणाचे खोके हातात घेऊन मी विचारले, की याचा अर्थ काय असावा? एक मुलगा आत्मविश्वासाने म्हणाला, “सर, शाकाहारी.” बिस्किटाच्या पुड्यावरच्या हिरव्या ठिपक्याशी त्याने सांगड घातली होती, आणि तर्क म्हणून पाहिले तर त्यात काहीच चूक नव्हती. दुसऱ्याने त्याहून गंभीर गोष्ट सांगितली. त्याच्या घरी तांबड्या रंगाचे ‘औषध’ मुद्दाम मागून आणतात, कारण तांबडे म्हणजे जालीम आणि जालीम म्हणजे गुणकारी.

त्या ‘औषध’ शब्दापाशी मी थांबलो. आपण मराठीत तापावर घेतो तेही औषध आणि कपाशीवर मारतो तेही औषध. दुकानदार औषध देतो, मजूर औषध मारतो, घरातली माणसे ‘औषधाचा पंप’ कोठे ठेवला म्हणून विचारतात. मातृभाषेचा अभिमान बाळगणाऱ्या मला हे कबूल करताना जड जाते, पण येथे आपली बोली वस्तूचे खरे रूप झाकते आणि खोक्यावरचा परका शब्द ते उघडे करतो. तो शब्द वाचताच आला नाही, तर उरते ते केवळ औषध. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्या बातम्या आपल्या दैनिकानेही छापल्या असतील. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती आणि एक शब्द वाचता आल्याने ते सगळे टळले असते असा भाबडा दावा मी करणार नाही. तरीही माहितीपत्रकातल्या ‘अँटिडोट’ या शब्दाचा अर्थ उतारा असा आहे, काही जातींच्या कीटकनाशकांसाठी तेथे ‘अ‍ॅट्रोपिन’ असे नाव छापलेले असते, आणि रुग्णाबरोबर ते वेष्टन दवाखान्यात नेले तर डॉक्टरांचा वेळ वाचतो, एवढे तरी घरातल्या शाळकरी मुलाला ठाऊक असायला काय हरकत आहे? पत्रकात मराठी मजकूरही असतो. पण अक्षरे मुंगीएवढी असतात आणि कागदाची घडी उलगडण्याआधीच तो बांधावर पडलेला असतो.

याच वेष्टनांवर मात्रेचा आणखी एक सापळा आहे. प्रमाण पुष्कळदा हेक्टरी दिलेले असते आणि तेथे ‘हेक्टर’ या अर्थी केवळ दोन इंग्रजी अक्षरे असतात, तर आमचा सगळा हिशोब एकराचा आणि जुन्या माणसांचा बिघ्याचा. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. ती दोन अक्षरे एकर समजून वाचली, तर शेतात जवळजवळ अडीच पट विष पडते, पैसेही तितकेच जास्त जातात. हे गणित आम्ही शनिवारी फळ्यावर केले तेव्हा दोन मुलांच्या तोंडून एकदमच ‘अरे बाप रे’ निघाले. त्यांच्या घरी काय चालत होते ते मी विचारले नाही.

माझी स्वतःची फजितीही सांगून टाकतो, म्हणजे उपदेशाचा आरोप येणार नाही. माझ्या आईचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर एका गोळीपुढे ‘एसओएस’ लिहिलेले पाहून मी चरकलो. बुडणारे जहाज मदतीसाठी पाठवते तो संकेत मला माहीत होता आणि आईच्या प्रकृतीचे काही गंभीर लपवले जात आहे, अशी शंका आली. मेडिकलवाल्याने हसून सांगितले, की गरज पडली तरच घ्यायची गोळी. घरी येऊन पाहिले तर ही ‘सी ओपस सिट’ या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे निघाली, आणि ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, हीही त्याच भाषेची. इंग्रजीचा पदवीधर आणि चौदा वर्षांचा शिक्षक एका चिठ्ठीपुढे निरक्षर ठरला. मुले ज्या प्रमाणपत्रासाठी शाळेच्या कार्यालयात खेटे घालतात त्या ‘बोनाफाईड’चाही असाच उलगडा झाला, ‘सद्भावनेने’ असा त्याचा लॅटिनमधला अर्थ आहे, पण ते मिळेपर्यंत कोणाचीच सद्भावना शिल्लक राहत नाही, ही माझी नव्हे, दहावीतल्या एका मुलीची टिप्पणी आहे.

आणखी एक उपयोगी वाचन म्हणजे गॅसच्या टाकीचे. टाकीच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि पुढे वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. तेव्हा ‘बी २८’ असेल तर २०२८ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत त्या टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. टाकी घेताना हे पाहणारी आई मला आजवर एकही भेटली नव्हती. आता सतरा-अठरा घरांत मुले पाहतात.

सगळेच काही इशाऱ्यांचे आणि धोक्याचे नसते. एकदा भरिताची वांगी घेऊन जाणाऱ्या मुलाने विचारले, की शाळेत ‘ब्रिंजल’ शिकवतात आणि मोबाइल ‘एगप्लांट’ म्हणतो, तर खरे कोणते? उत्तर शोधताना आमची चांगली दोन तासांची सफर झाली. संस्कृतातल्या वांग्याच्या नावावरून फारसी, फारसीवरून अरबी, अरबीवरून पोर्तुगीज असा प्रवास करून तो शब्द ‘ब्रिंजल’ होऊन आपल्याकडे परत आला; इंग्लंडमध्ये त्याच अरबी मुळाचे ‘ओबर्जिन’ चालते आणि अमेरिकेत ‘एगप्लांट’. म्हणजे जळगावच्या भरिताचे वांगे जग फिरून आलेले आहे. कापसाच्या जिनिंगमधला ‘जिन’ हा ‘एंजिन’चाच खुडलेला तुकडा, रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेत एली व्हिटनी यांनी १७९४ मध्ये घेतले. रुईचा बाजारभाव आजही ज्या ‘कँडी’त सांगतात, ती ३५६ किलोंची कँडी म्हणजे आपली खंडी, आणि इंग्रजीतला ‘मंगूस’ हा तर सरळ आपला मुंगूस. हे ऐकल्यावर मुलांचा इंग्रजीकडे पाहण्याचा संकोच किती कमी झाला, ते मोजण्याचे माप माझ्याकडे नाही. पण ज्या भाषेने आपल्याकडून उसने घेतले आहे, तिच्याशी बोलताना मान खाली घालण्याचे कारण नाही, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळतो. पालकांची तक्रार अशी, की फी इंग्रजीची घेता आणि पोरांना पाने-पक्कड दाखवता, मग मार्कांचे काय? एका पालकांनी याच कारणावरून मुलाला दुसरीकडे घातले आणि मी त्यांना दोष देत नाही. शनिवारच्या तासामुळे बोर्डाच्या परीक्षेत गुण वाढतात, असे मी त्यांना सांगू शकलो नाही, कारण तसे ठाम सांगण्याजोगे काही घडलेले नाही. निबंधातली वाक्ये मात्र बदलली आहेत. पूर्वी ‘माझा आवडता छंद’ या विषयावर चाळीस मुलांचा छंद एकाच मार्गदर्शकातून आलेला असे. आता कोणी पंक्चर कसे काढतात ते लिहितो, कोणी घरच्या शेवया कशा वळतात ते, आणि व्याकरणाच्या चुका असल्या तरी ती वाक्ये त्यांची स्वतःची असतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे आज नववीत बसलेल्या मुलाने आठ वर्षे इंग्रजी शिकून नववे सुरू केलेले आहे, आणि तरीही त्याला विहिरीवरच्या डब्यावरची चार अक्षरे परकी वाटतात. माध्यम कोणते असावे या वादात मला पडायचे नाही. त्या वादाने पुष्कळ शाई खाल्ली आहे. माझे म्हणणे मर्यादित आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असे सुचवले आहे. खानदेशातल्या शाळांनी त्या दिवसांत मुलांना रिवाइंडिंगच्या दुकानात, ठिबकच्या जोडणीवर आणि जिनिंगमध्ये न्यावे आणि त्या दिवशी विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर इंग्रजीच्या शिक्षकांनाही आवर्जून पाठवावे. मिस्त्रींच्या दुकानात उभे राहून ‘हे काय?’ असे विचारण्याची लाज एकदा मोडली, की पुढचे सोपे असते. माझी ती मोडायला चौदा वर्षे लागली.

आपल्याकडे मागणे एवढेच, की दैनिकाच्या कृषी पानाच्या एका कोपऱ्यात आठवड्यातून एकदा चार ओळींची जागा द्यावी. एका वस्तूवरचा एक इंग्रजी शब्द, त्या धंद्यातली माणसे त्याला काय म्हणतात आणि त्याचा मराठी अर्थ, इतकेच तेथे छापावे. फवारणीच्या हंगामात त्या चार रंगांच्या त्रिकोणांपासून सुरुवात केल्यास फार बरे होईल. मजकूर माझे विद्यार्थी विनामोबदला पुरवतील. पहिल्या बारा आठवड्यांचा तर वहीत तयारच आहे, आणि त्यातला प्रत्येक शब्द त्या-त्या कारागिराकडून तपासून घेतला आहे.

‘ट्रिप’चा प्रश्न विचारणारा तो मुलगा यंदा दहावीत गेला असून येत्या शनिवारी शिकवणीची खरीखुरी ‘ट्रिप’ गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये नेण्याचे त्यानेच जमवून आणले आहे. मालकांनी परवानगी देताना एक अट घातली आहे: यंत्राच्या पॅनलवरच्या सगळ्या इंग्रजी पाट्यांचे अर्थ मराठीत लिहून तेथील कामगारांसाठी लावून द्यायचे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक शिकवणीशिक्षक,
चोपडा, जि. जळगाव